परान्न आणि लेखणी

सर जॉन टेम्पलटन हे गुंतवणुकीच्या धंद्यात गडगंज झालेले श्रद्धाळू गृहस्थ. त्यांनी १९८७ साली न्यास स्थापिला. त्याच्या पैशातून २००५ पासून काही वर्षे पत्रकारांना केंब्रिजला बोलावून विज्ञान आणि धर्म यांच्या संबंधाच्या अध्ययनासाठी वृत्ती देत असत. हेतू चांगलाच, वाईट कोण म्हणेल? पण पहिल्याच तुकडीत जॉन होर्गन नावाचा संशयवादी विज्ञानलेखक होता. त्याने वृत्ती घेतली, व्याख्याने ऐकली, आणि २००६ साली हे पैसे घेतल्याची मनातली टोचणी उघड लिहून टाकली.

दाता काही लेखणी धरीत नाही हो! पण हात अडखळतोच. युद्धारंभी युधिष्ठिर नमस्कारास आला, तेव्हा कौरवांच्या अर्थाने आपण बांधलो गेलो आहो, हे भीष्मांनी स्वमुखाने कबूल केले. आणि लढले मात्र कौरवांकडूनच. कबुलीने बंधन सुटत नाही. निदान ते दिसते, एवढेच.

बरे, वृत्तीवाचून अध्ययन तरी कसे व्हावे? पाठशाळेत असताना मीही वार लावूनच जेवलो. जेवू घालणाऱ्यांनी कधी काही मागितले नाही. पण ज्या घरी वार, त्या घरच्या चुकीवर बोट ठेवण्याची माझी छाती झाली नाही.