पाहुणा आणि प्रतिस्पर्धी

घरी आलेल्या पाहुण्याचा पराभव करावा काय, असे कोणी विचारले तर आपण त्याला वेड्यात काढू. पाहुण्याला आधी पाणी द्यावे, बसायला चांगली जागा द्यावी, आपल्या ताटातले त्याच्या ताटात वाढावे, अशी आपली रीत आहे. परंतु निमंत्रितांची फुटबॉल स्पर्धा भरते तेव्हा ही रीत कोड्यात सापडते. देशोदेशींच्या संघांना आपणच पत्रे पाठवतो, त्यांची राहण्याजेवण्याची सोय करतो, हार घालून स्वागत करतो आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या जाळ्यात चेंडू मारण्यासाठी जिवाचे रान करतो. अतिथी आणि प्रतिस्पर्धी ही दोन नाती एकाच माणसाशी, एकाच वेळी प्रामाणिकपणे निभावता येतात काय? आम्हांला हा प्रश्न केवळ खेळाचा वाटत नाही.

मिरकरवाड्यासारख्या बंदराला हे कोडे अगदीच परके नाही. मासळीच्या मागे धावताना परराज्यांतील नौकांशी कोकणातल्या मच्छीमारांचे वाद होतात, ते कधी हातघाईवरही येतात. मात्र वादळ उठले की हिशेब बदलतो. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळाच्या वेळी ६८ नौका ९५२ मच्छीमारांना घेऊन शेजारच्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या. त्यांतील ६६ केरळच्या होत्या आणि दोन तमिळनाडूच्या. तेव्हा त्यांना कोणी परके म्हणून परत लोटले नाही. परंतु येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. वादळात स्पर्धा थांबते, म्हणून आतिथ्य सोपे होते. मैदानावर स्पर्धा थांबत नाही. शिट्टी वाजली की पाहुणा पाहुणा राहूनच प्रतिस्पर्धी होतो.

या पेचातून सुटण्याच्या दोन वाटा सोप्या दिसतात. पहिली म्हणजे पाहुण्याला जिंकू देणे. वरवर हे सौजन्य वाटते, परंतु तो अपमान आहे. समुद्र ओलांडून आलेला पंधरा वर्षांचा मुलगा आपली दया घेण्यासाठी आलेला नसतो. आपले पाय, आपला दम, आपली बुद्धी खऱ्या कसाला लावावी म्हणून तो आलेला असतो. मुद्दाम हरणारा यजमान त्याला रिकामे ताट वाढतो. दुसरी वाट म्हणजे यजमानपणाचा लाभ उठवणे: सोयीचे वेळापत्रक, ओळखीचे पंच, वयाने मोठे खेळाडू. येथे ताट भरलेले दिसते, पण अन्न नासलेले असते. पाहुण्याला द्यावयाचे खरे देणे तिसरेच आहे. आपला सर्वोत्तम खेळ त्याच्यापुढे ठेवावा आणि दोघांनाही एकच नियम असावा. कसून केलेला विरोध हाच येथे सन्मान असतो.

निमंत्रणालाही एक दुसरी बाजू असते. ज्याच्या हाती पत्रिका आहे, तोच कोण आत आणि कोण बाहेर हे ठरवतो. मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ साली सुरू झाली ती ब्रिटिश पलटणींच्या खेळासाठी. ज्यांच्या भूमीवर ती भरत होती, ते कित्येक वर्षे कडेला उभे राहून पाहत होते. १९२३ साली मोहन बागानला निमंत्रण मिळाले आणि तो संघ थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला. पुढे १९३७ साली बंगळूर मुस्लिम्स या संघाने तो चषक जिंकला. भारतीय संघाचे ते पहिले विजेतेपद. २००० साली शतक संपता संपता कूपरेजवरची ही परंपराही संपुष्टात आली, पण तिचा धडा उरला आहे. दार उघडेपर्यंत आतल्यांना वाटत असते की बाहेरच्यांची पात्रता नाही. पात्रता दार उघडल्यावरच दिसते.

आज जगात मुलांच्या ज्या मोठ्या स्पर्धा भरतात, त्यांत स्वीडनमधील गोथेनबर्गचा गोथिया चषक अग्रगण्य आहे. १९७५ साली सुरू झालेल्या या स्पर्धेत आता दीड हजारांहून अधिक संघ उतरतात. २०२३ साली पंजाबच्या मिनर्वा अकादमीच्या मुलांनी तिथे तेरा वर्षांखालील गट जिंकला. आम्हांला तिथला एक नियम विजेतेपदाहून मोलाचा वाटतो. साखळीत मागे पडलेल्या संघाला सामान बांधायला सांगत नाहीत. त्याच्यासाठी वेगळी बाद फेरी असते आणि तो तिथे पुन्हा खेळतो. बोलावलेल्या मुलाला पहिल्या अपयशाबरोबर दार दाखवू नये, ही जाणीव या नियमामागे आहे. पाहुणचाराचे याहून चांगले रूप ते कोणते?

आता सर्वांत अवघड जागेकडे वळतो. मुलांच्या स्पर्धेचा पाया वय हा आहे आणि तो पाया वारंवार पोखरला जातो. आपल्याकडे १९६० पासून भरणारी शालेय फुटबॉलची सुब्रोतो चषक स्पर्धा परदेशी शाळांनाही निमंत्रण देते. तिच्यातही जास्त वयाच्या खेळाडूंमुळे संघ बाद झाले आहेत. फिफाने २००९ पासून सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी मनगटाची एमआरआय तपासणी आणली. थोडा विचार करा, वाचकहो. एकाने खोटे सांगितले म्हणून दुसऱ्या खऱ्या मुलाचा शब्दही निरुपयोगी ठरला आणि त्याला आपल्या हाडांना साक्षीला उभे करावे लागले. हाडे सगळ्यांची एकाच वेगाने वाढत नाहीत. त्यामुळे कधी खराच मुलगा संशयात सापडतो. खोट्या दाखल्याची किंमत ही अशी भलताच कोणी भरतो.

काही वर्षांपूर्वी एक पालक आमच्याकडे आले होते. खलाशाचा संसार, मुलगा खेळात खरोखर तेज. "फादर, एकच वर्ष कमी करून द्या. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तुमची सही असली की पुढचे आम्ही बघतो." त्यांचा युक्तिवाद हलका नव्हता. ते म्हणाले, पैसेवाल्यांच्या मुलांना बूट आहेत, प्रशिक्षक आहेत, दुधाचा पेला आहे. आमच्याकडे हे एक वर्षच काय ते आहे. नोंदवहीत जी तारीख होती तीच आम्ही लिहून दिली. मुलगा त्या वर्षी गेला नाही. पुढच्या वर्षी तो बापाबरोबर बोटीवर जाऊ लागला.

त्या बापाच्या शब्दांत सत्याचा मोठा अंश होता. विषमता खरी आहे. झारखंडच्या 'युवा' संस्थेच्या आदिवासी मुली २०१३ साली स्पेनमधील गास्तेइस चषकात तिसऱ्या आल्या. त्यांना निमंत्रण मिळाले होते, पण पासपोर्टासाठी जन्मदाखले मिळवताना त्यांना अपमान सोसावा लागल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. गरिबाच्या मुलाला खरा दाखलाही असा झगडून मिळवावा लागतो. मग खोट्याने थोडी भरपाई केली तर काय बिघडले?

बिघडते ते असे. कमी केलेले वर्ष श्रीमंताच्या मुलाकडून घेतले जात नाही. संघातली ती जागा बहुधा त्याच वाडीतल्या, त्याच परिस्थितीतल्या, एक वर्षाने लहान मुलाची असते. अन्याय वरून आला असला तरी त्याची भरपाई खालच्याकडून वसूल होते. शिवाय ज्याच्यासाठी हे करायचे, तो मुलगा आयुष्यभर स्वतःच्या यशाकडे संशयाने पाहतो. गोल केला तो आपण, की आपल्या जास्तीच्या वर्षाने? संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात, खेळण्यात सद्गुण असू शकतो काय, हा प्रश्न गंभीरपणे घेतला आणि होकारार्थी उत्तर दिले. श्रमलेल्या मनाला विसावा हवा आणि त्या विसाव्यालाही विवेकाचे माप हवे, असा त्यांचा आशय. माप बिघडवले की विसावा उरत नाही आणि खेळही उरत नाही.

तथापि केवळ सही नाकारून कोणाचे कर्तव्य संपत नाही. नकार देणाऱ्यावर त्या मुलाचे देणे लागते. खरा दाखला वेळेवर मिळवून देणे, बूट आणि प्रवासखर्च यांची गावाने तरतूद करणे, वय उलटलेल्यासाठी पुढच्या गटाची वाट शोधणे, ही कामे प्रामाणिकपणाचीच आहेत. सत्याचा भार गरिबाने एकट्याने उचलावा आणि आपण त्याचे कौतुक करावे, हा काही न्याय नव्हे. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत बोटी किनाऱ्याला लागतात तेव्हा ज्या मुलांचे हात रिकामे असतात, त्यांच्यासाठी मैदान राखणे तरी आपल्या हाती आहे.

मग घरी आलेल्या पाहुण्याला हरवावे काय? अवश्य हरवावे, जमल्यास. मात्र सामना संपल्यावर त्याच्याशी हात मिळवताना आपल्या हातात लपवण्याजोगे काही असू नये.