नार्नियातले आपण

सी. एस. लुईसची नार्नियाची सातही पुस्तकं लहानपणी मी इतक्यांदा वाचली, की जुनं कपाट दिसलं की आजही हात मागच्या फळीकडे जातो. यंदा इथे लंडनमध्ये लेकीला १९५४ सालचं ‘द हॉर्स अँड हिज बॉय’ वाचून दाखवायला घेतलं. त्यात नार्नियाचे लोक गोरे, मोकळे, शूर. कॅलोरमेनचे बहुतेक सावळे, पागोटेवाले, क्रूर. लेकीने विचारलं, “आई, आपण यांतले कुठले गं?”

मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. मी आपली नार्नियाच्या बाजूने लढत होते.

लुईसची बाजू घ्यावीशी वाटली. घरातून पळालेली धीट अराविस कॅलोरमेनचीच आहे, शेवटच्या पुस्तकातल्या सच्च्या एमेथला अस्लान आपला म्हणतो. पण दोन अपवादांनी बाकीच्यांवरचा डाग पुसला जात नाही.

मग पान गाळायचं? की पुस्तकच टाकायचं? आजीवर जीव आहे म्हणून तिची शिवाशिव आपण पाळत नाही, आणि ती पाळत नाही म्हणून आजीला टाकतही नाही. आम्ही त्या पानावर थांबलो, बोललो.

दुसऱ्या रात्री पुस्तक तिनेच आणलं. “अराविसचं पुढे काय झालं?”