झीज आणि झिजेचा देखावा

उन्हापावसाने झिजलेल्या वस्तूंचे माणसाला विलक्षण आकर्षण असते. गंजलेला पत्रा, भेगाळलेली जमीन, झाडाची सुकलेली साल यांचे रंग आणि पोत उतरवलेले हातविणीचे गालिचे अलीकडे कलावस्तू म्हणून भिंतीवर विराजमान होऊ लागले आहेत. काही ठिकाणी तर कोऱ्या गालिच्याची लोकर जागोजागी खोल कातरून, तो उन्हात पसरून, रसायनांनी धुऊन त्याला मुद्दाम जुनेपण आणले जाते. येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. काळाने करावयाचे काम हाताने उरकले, तर तिला कला म्हणावे की लबाडी?

उत्तर शोधताना आम्हांला जालना जिल्ह्याच्या शिवारात दिसणारे एक साधे वस्त्र आठवते, ते म्हणजे मेंढपाळाच्या खांद्यावरील घोंगडी. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेला हा जिल्हा बियाण्यांसाठी आणि पोलादासाठी ओळखला जातो. गंजलेले भंगार येथील भट्ट्यांत वितळते आणि नवी सळई होऊन बाहेर पडते. मात्र याच कोरडवाहू मुलखात दख्खनी मेंढी चरते. तिची लोकर जाडीभरडी, बहुधा काळी किंवा करडी. उन्हात राहून राहून काळ्या लोकरीची टोके तपकिरी पडतात. तो रंग कोणी दिलेला नसतो; तो ऋतूंनी दिलेला असतो.

ही लोकर वर्षातून साधारण दोनदा कातरतात. मग ती पिंजली जाते आणि तिचे सूत काढले जाते. हे काम बहुतेक घरांतील स्त्रियाच करीत आल्या. ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन सणगर किंवा धनगर विणकर खड्डामागावर घोंगडी विणतो. पुढे तीच पावसात डोईवरची खोळ होते, रात्री अंथरूण होते, पाहुणा आला की बैठक होते. तिची झीज ही नक्षी नव्हे; ती कोणाची तरी ऊब होऊन खर्ची पडलेली असते.

आज या लोकरीला फारसे गिऱ्हाईक उरलेले नाही. गिरणीतील स्वस्त ब्लँकेटे आली, मेंढी मुख्यतः मांसासाठी पाळली जाऊ लागली, आणि अनेकदा कातरणीची मजुरीही सुटत नाही म्हणून लोकर फेकून दिली जाते. खरी झीज उकिरड्यावर आणि तिचा देखावा दिवाणखान्यात, असा हा उफराटा न्याय आहे.

म्हणून अनुकरण हेच पाप, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आपल्या ख्रिस्तमंदिरातील क्रूसावरच्या जखमाही लाकडात कोरलेल्या आणि रंगवलेल्याच असतात. त्यांना कोणी खोट्या म्हणत नाही, कारण त्या आपले मन खऱ्या वेदनेपाशी नेतात. परंतु त्यांच्यासमोर गुडघे टेकून उठणारा माणूस दारातील जखमी माणसाला ओलांडून गेला, तर दोष मूर्तीचा नसतो, पाहणाऱ्याचा असतो. गालिच्यालाही हीच कसोटी लावावी. तो पाहून आपल्याला भेगाळलेल्या जमिनीवर राबणाऱ्याची आठवण होते का? तो विणणाऱ्याच्या पदरात योग्य मोल पडले का? तसे असेल तर ती कला आहे. तसे नसेल, तर आपण दुसऱ्याच्या झिजेची केवळ शोभा विकत घेतली.

संत पौल तंबू बनवून पोट भरीत असे. स्वतःच्या हातांनी कष्ट केल्याचे सांगताना त्याला संकोच वाटला नाही. आपल्या घरांतही असे हात आहेत. सूत कातून, शेत खुरपून, भाकरी थापून त्यांना घट्टे पडले आहेत, त्यांवर सुरकुत्या आल्या आहेत. विकत घेतलेल्या जुनेपणासमोर आपण कौतुकाने थबकतो. या हातांपाशी बसावयास मात्र आपल्याला सवड मिळत नाही. झिजलेल्या वस्तूत सौंदर्य पाहण्याची दृष्टी देवाने दिली असेल, तर तिचा पहिला अधिकार आपल्यासाठी झिजलेल्या माणसांचा आहे. तो त्यांना मिळाला, तर भिंतीवरचा गालिचाही खरा वाटू लागेल.