कुंडलिकेवर, भर पावसात

सकाळी जाग आली तरी लगेच उठू नका. कोलाडच्या पुढे, भिऱ्याच्या अंगाला, नदीकाठच्या झाडीत ही खोली आहे. मोबाइलला धड रेंज नाही, आणि घाई करावी असं काही नाही. डोळे मिटलेलेच राहू द्या. बाहेर पाऊस कोसळतोय. आधी सगळा मिळून एकच आवाज वाटेल. थोडं थांबलात की तो सुटा होत जाईल: पत्र्यावरचा तडतडाट, पागोळ्यांची धार, केळीच्या पानावरची टपटप. आणि या सगळ्यांच्या खालून येणारी एक सलग घरघर. ती नदी.

सरी येतील, जातील. घरघर तशीच राहील. ती आज कुठून आली, एवढंच आपल्याला पाहायचं आहे.

चहा घ्या आणि निघा. मोबाइल खोलीतच ठेवा. व्हिडिओ काढायला इतर जण आहेतच. काठावर लाइफ जॅकेटचे पट्टे आवळताना श्वास किंचित अडेल, तेवढा अडू द्या. ओलं हेल्मेट, त्याचा आंबूस वास. गाइड दादा रोखठोक सांगतील: रबरी होडीच्या कडेवर बसायचं, पुढचा पाय आडव्या फुग्याखाली घट्ट खुपसायचा, वल्ह्याची मूठ सोडायची नाही. नदीला पूर आलाय, आज होडी सोडणार नाही, असं ते म्हणाले तर हुज्जत घालू नका. पाणी ते रोज बघतात.

होडी सुटली. पहिला संथ पट्टा आहे, तोवर वल्हं मांडीवर आडवं ठेवा. पाठीवर पडणारं पाणी जाणवू द्या. मग तळवा होडीबाहेर सोडून खालचं पाणी चाचपा. वरचं पाणी या डोंगरांवरच्या ढगांचं आहे, ते उघडच आहे. खालच्याचं मात्र तसं नाही. कुंडलिकेला स्वतःचे ओढे-नाले आहेत आणि आज ते ओसंडून वाहताहेत. पण मे महिन्याच्या रखरखाटातही इथे राफ्टिंग चालतं, ते काही त्यांच्या जिवावर नाही. सकाळी भिऱ्याचं वीजघर पाणी सोडतं, तेव्हा नदीला जोर येतो. म्हणून तर तुम्हाला सकाळीच नदीवर आणलं.

आता मनानं उलट चाला, प्रवाहाच्या विरुद्ध. वीजघराच्या पोटात शिरा. तिथे पाण्याचा फवारा चक्राच्या वाट्यांवर आदळतो आणि चक्र गरगरतं. त्याच्याही मागे जा. सह्याद्रीच्या कड्यावरून पोलादी नळ उतरताहेत, उंची सुमारे ५०० मीटर. नळांच्या वर, घाटमाथ्याच्या पलीकडे, मुळशीचा जलाशय. ताम्हिणी घाटातून आला असाल तर त्याच्याच काठानं आलात. तुम्ही वळणं घेत उतरलात, पाणी डोंगराच्या पोटातून आलं.

इथे जरा रेंगाळा. मुळशीला निळा आणि मुळा या नद्यांचा संगम होता. ते पाणी मूळचं पूर्वेचं. पुण्यात मुठेला भेटायचं, भीमेत मिसळायचं, पंढरपुराला वळसा घालून कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं, अशी त्याची वाट. धरणाच्या भिंतीनं त्याला अडवलं आणि पश्चिमेला वळवलं. चंद्रभागेच्या वाळवंटात जे पोचलं असतं त्यातलं थोडं आत्ता तुमच्या बोटांमधून निसटतंय. चांगलं की वाईट, हे लगेच ठरवू नका. नुसतं हात पाण्यात ठेवून बसा.

मग धरणात बुडालेल्या जमिनीकडे या. टाटांच्या या धरणाविरुद्ध मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पां. म. बापट त्यात उतरले, तुरुंगात गेले, आणि याच लढ्यामुळे लोकांनी त्यांना ‘सेनापती’ म्हटलं. लढा हरला. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं, मुंबईला वीज गेली, आणि मावळातली भाताची खाचरं तळाशी राहिली. आत्ता काठावर नजर टाका: गुडघाभर चिखलात वाकलेली माणसं, हिरवीगार खाचरं. बुडालेली खाचरंही अशीच होती. मुंबईची वीज नको होती, असं मी म्हणणार नाही. मीही त्या शहरात पंख्याखाली झोपलेलो आहे. पण किंमत एकानं मोजायची आणि उजेड दुसऱ्याकडे पडायचा, हे मला अजून पचत नाही.

हा विचार पुरा होणार नाही, कारण पुढे रॅपिड आहे. दादा ‘फॉरवर्ड!’ ओरडले की सगळं सोडा आणि वल्हं मारा. होडीचं नाक उंचावेल, मग ती खोल जाईल, आणि पाण्याची भिंत थेट तोंडावर फुटेल. ओरडा खुशाल. मनन तोंड मिटूनच करायचं असतं, असा काही नियम नाही. पार झालात की पायांकडे बघा: आत आलेलं पाणी तळाच्या भोकांतून आपोआप निघून जातंय. सगळं जाईपर्यंत बघत राहा. पुन्हा संथ पट्टा आला की पुन्हा हात बाहेर सोडा.

परत जाताना घाट चढून मुळशीच्या काठावर चहाला थांबाल. तिथे एखादे आजोबा बसलेले दिसले तर नमस्कार करा आणि विचारा, ‘बाबा, तुमचं मूळ गाव कोणतं?’ चहा थंड झाला तरी चालेल, त्यांचं सगळं ऐकून घ्या.