वयाचा दाखला

वाडीत अमरावती रस्त्यालगत एखाद्या पंक्चरच्या टपरीवर राबणाऱ्या पोराला वय विचारा. 'असेल पंधरा-सोळा,' एवढेच उत्तर येईल. दाखला दूर कुठल्या तरी गावच्या शाळेत पडलेला असतो. तो वेळेवर हाती न आल्यास काय होते, हे नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहाने पाहिले आहे.

२६ ऑगस्ट १९९४ रोजी पुण्यात एका घरात पाच स्त्रिया व दोन मुले मारली गेली. स्त्रियांपैकी एक गर्भवती होती. १९९८ साली एका आरोपीला फाशी सुनावली गेली आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मार्च २०२३मध्ये त्याच न्यायालयाने राजस्थानातील शाळेचा दाखला ग्राह्य धरला. घटनेच्या वेळी आरोपी साडेबारा वर्षांचा होता! अशा बालकाला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येते. तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ कोठडीत होता. नागपूरच्या तुरुंगातून बाहेर पडला, तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती.

कुणी विचारील, सात जिवांचा हिशेब तीन वर्षांत कसा मिटावा? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. आपल्या फिक्हने त्याचा विचार केला आहे. नाबालिगावर किसास नाही, पण मृताचे रक्त वायाही जात नाही. बहुतेक फकीहांच्या मते दियत त्याच्या आप्तांनी द्यायची. म्हणजे मुलाची जबाबदारी मोठ्यांच्या खांद्यावर येते. कुणाचीच नाही, असे होत नाही.

मे २०२४मध्ये पुण्यातच भरधाव मोटारीने दोघांचा बळी घेतला. चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला. तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अटही होती. लोक संतापले, ते स्वाभाविक होते. पण संतापाच्या भरात आपण मागणी कोणती केली? मुलांना मोठ्यांसारखे शिक्षा करा, ही. अशा मागणीची झळ शेवटी पोहोचते ती ज्याच्यापाशी वकील नाही आणि दाखलाही नाही, त्याला.

एकाला तत्काळ बालक मानले गेले, यात अन्याय नव्हता. दुसऱ्याला ते सिद्ध करायला जवळजवळ तीन दशके लागली, यात होता. मूल असणे ही श्रीमंताची सवलत नव्हे. टपरीवरच्या त्या पोराचा दाखला शोधून ठेवणे, हे आपल्यापैकी कुणाचे तरी काम आहे.