घरट्यावरचा मासा



राखेच्या बुधवारी कपाळाला लावलेली राख अजून पुरती पुसली गेली नसेल, तोच आज उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी सैतान आपल्यासमोर उभा राहतो. प्रभू येशू चाळीस दिवस उपाशी होता आणि मग परीक्षक त्याच्याजवळ आला, असे संत मत्तय सांगतात. या उताऱ्यावर मी गेली अठरा वर्षे प्रवचन करीत आलो आहे. साधारण तेच ते सांगतो : मोह टाळा, उपवास करा, जिभेला आवर घाला. यंदा मला एका माशाविषयी बोलायचे आहे आणि त्यानंतर तुमची क्षमा मागायची आहे.

२०२३ साली मे आणि जून हे दोन महिने मी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात एका धर्मग्रामात बदली धर्मगुरू म्हणून होतो. तिथले एक निवृत्त आजोबा सकाळच्या मिस्सानंतर मला तळ्यावर घेऊन जात. लार्जमाउथ बास या माशाचे त्यांना वेड. गोड्या पाण्यातला हिरवट मासा, कुशीवर काळसर पट्टा, आणि जबडा एवढा मोठा की मिटला तरी त्याची कड डोळ्याच्या मागे जाते. आपल्या कोळीवाड्यात ऐकून हसतील, पण आजोबा मासा धरीत आणि पुन्हा पाण्यात सोडून देत. बासच्या स्पर्धा भरवणारे रे स्कॉट यांनी १९७२ पासून मासे जिवंत सोडण्याचा आग्रह धरला, तेव्हापासून तिकडे ही रीत रुजली आहे. 'मग धरता कशाला?' असे मी विचारले. ते म्हणाले, 'फादर, त्याला आज काय हवे आहे ते ओळखण्यातच सारी गंमत.'

त्यांची पेटी उघडली की सोनाराचे दुकान वाटे. सगळी खोटी आमिषे. मऊ प्लास्टिकचे गांडूळ होते. हे १९४९ साली ओहायोतल्या निक क्रीम यांनी घरच्या स्वयंपाकघरात तयार केले. त्याला लावलेल्या गळाचे टोक गांडुळाच्या पोटातच दडवायचे, म्हणजे ते पाणवनस्पतीत अडकत नाही आणि माशालाही टोचत नाही. पुढे गोळीच्या आकाराचे वजन. याला टेक्सास पद्धत म्हणतात. पाणी थंड असेल तर हे गांडूळ तळाशी अगदी सावकाश सरकवायचे, कारण थंडीत मासा सुस्त असतो. पाणी गढूळ असेल तर गरगर फिरणाऱ्या पात्याचे आमिष घ्यायचे. डोळ्यांना दिसले नाही तरी माशाच्या कुशीवरच्या संवेदन-रेषेला पाण्यातली थरथर कळते. पाणी नितळ असेल तर खऱ्या माशाच्या रंगाचे. पहाटे आणि तिन्हीसांजेला पाण्यावर पोकळ बेडूक उड्या मारीत न्यायचा. बास उघड्यावर फिरत नाही. तो बुडालेल्या ओंडक्याआड दबा धरून बसतो. म्हणून लाकडी मासोळी मुद्दाम ओंडक्यावर आपटायची. ती दचकून बाजूला वळली की तो विचार न करता झडप घालतो.

फिनलंडच्या लाउरी रापाला यांचे आमिष मला सर्वांत विचार करायला लावणारे वाटले. हे स्वतः कोळी. मोठे मासे थव्यातल्या धडधाकट मासोळीला सोडून लंगडत पोहणाऱ्या, जायबंदी मासोळीवर तुटून पडतात, हे त्यांनी पाहिले होते. १९३६ साली त्यांनी बुचाचे लाकूड कोरले, त्याला चॉकलेट-चीजचा चकाकणारा कागद गुंडाळला आणि पाण्यात किंचित डळमळेल अशी मासोळी केली. आज ती जगभर विकली जाते. दुबळ्याचे सोंग हेही आमिष असते बरे का.

एका सकाळी आजोबांनी मला किनाऱ्यालगत उथळ पाण्यात बोट दाखवले. शेपटीने झाडून स्वच्छ केलेली थाळीएवढी जागा, आणि तिच्यावर एक बास स्तब्ध तरंगत होता. नर होता. या जातीत मादी अंडी घालून निघून जाते. अंड्यांना आणि पिलांना राखतो तो बाप. त्या दिवसांत तो जेमतेम खातो. तो क्षणभर बाजूला झाला तर ब्लूगिल नावाचे छोटे मासे टपलेलेच असतात. अशा वेळी त्याला धरणे सर्वांत सोपे. घरट्यावर काहीही टाका, तो चावतो. त्याला भूक नसते. त्याला ती वस्तू आपल्या पिलांपासून दूर करायची असते. 'इथे मी गळ टाकत नाही,' आजोबा म्हणाले, आणि आम्ही पुढे गेलो.

त्याच राज्यात रिज लेक नावाचे एक तळे आहे. तिथे शास्त्रज्ञांनी प्रत्येक धरलेल्या बासची नोंद ठेवली. चार वर्षांनी तळे रिकामे केले तेव्हा १७०० हून अधिक मासे मिळाले, आणि त्यांतले सुमारे २०० एकदाही गळाला लागले नव्हते. उलट एक मासा वर्षभरात १६ वेळा धरला गेला होता. मग त्यांनी पुन्हा पुन्हा सापडणाऱ्यांची आणि न सापडणाऱ्यांची संतती पिढ्यान्‌पिढ्या वेगळी वाढवली. गळाला लागण्याची प्रवृत्ती वंशात उतरते, हे २००९ साली प्रसिद्ध झाले. २०१२ साली पुढचा निष्कर्ष आला : जे नर सहज गळाला लागतात, तेच आपली पिले अधिक डोळ्यांत तेल घालून राखतात.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. जो बाप चांगला, तो आधी सापडतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार पाठ केला होता. माणूस वाईटाला वाईट म्हणून कवटाळीत नाही. ते त्याला काहीतरी चांगले म्हणूनच दिसते. परीक्षेत मला त्यावर चांगले गुण मिळाले. अर्थ कळला तो या माशामुळे. संत याकोब आपल्या पत्रात मोहाविषयी लिहिताना जे क्रियापद वापरतात, तेही मूळ ग्रीक भाषेत आमिष या शब्दावरूनच आले आहे.

आता आजचे शुभवर्तमान पुन्हा पाहा. सैतान प्रभूपुढे दारू ठेवीत नाही, जुगार ठेवीत नाही. उपाशी माणसाला भाकर दाखवतो. भुकेत पाप काय आहे? पुत्राचा पित्यावर विश्वास आहे, म्हणून मंदिराच्या टोकावरून उडी मारून तो विश्वास दाखव म्हणतो. प्रभू सर्व राष्ट्रांच्या तारणासाठी आला आहे, म्हणून सर्व राष्ट्रे त्याला देऊ करतो; क्रूस तेवढा वगळतो. प्रत्येक आमिष त्याच्या एकेका चांगुलपणाच्या मापाने कापलेले आहे. प्रभू आमिषाशी वाद घालीत बसत नाही. तिन्ही वेळा तो अनुवाद या ग्रंथातील वचन पुढे करतो, म्हणजे आपल्या लोकांनी अरण्यात चाळीस वर्षांत पडत-धडपडत जे शिकले होते ते. तो एकटा उभा होता, पण उत्तर एकट्याचे दिले नाही.

आता माझी गोष्ट. गेल्या वर्षी एक एजंट माझ्याकडे आला. परदेशात नर्सिंग आणि वृद्धसेवेच्या नोकऱ्या लावून देतो म्हणाला. गळ्यात क्रूस, बोलणे मऊ, आपण स्वतः गरिबीतून वर आलो असे सांगताना त्याचा गळा दाटून आला. मी त्याला चर्चचे सभागृह दिले. मिस्साच्या शेवटी सूचनांमध्ये त्याचे नाव मीच वाचले. त्याची नोंदणी आहे की नाही, हे मी विचारले नाही. आपल्या चार कुटुंबांचे पैसे गेले. एका वडिलांनी मुलीसाठी वाडीचा तुकडा विकला होता.

ते गृहस्थ आता मिस्साला येत नाहीत. बाहेर काय बोलले जाते ते माझ्या कानावर येते : हाव सुटली होती, शिकल्यासवरल्या माणसाला एवढे कळू नये, आम्ही नाही बुवा फसलो. बंधू-भगिनींनो, त्या तळ्यातल्या न सापडलेल्या दोनशेंत आपण असू, तर त्याचा फार अभिमान बाळगू नका. त्या बापाला हाव नव्हती. मुलगी दुसऱ्याच्या घरी राबू नये, एवढेच त्याला हवे होते. आणि घरट्यावर गळ टाकायला ज्याने वाट दाखवली, तो मी होतो. वेदीवरून वाचलेल्या नावावर तुम्ही विश्वास ठेवलात. त्या चार कुटुंबांची आणि तुम्हा सर्वांची मी या पानावरून क्षमा मागतो. या आठवड्यात मी प्रत्येक घरी येणार आहे. दार उघडायचे की नाही, ते तुम्ही ठरवा.

पोलिसांत एकत्र तक्रार द्यायची आहे. त्यात साक्षीदार म्हणून पहिले नाव माझे असेल. शुक्रवारी क्रुसाच्या वाटेनंतर मी ऑफिसात बसेन. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या क्रमांकावर आजच नोंद करा. नव्याने कोणी परदेशी नोकरीसाठी पैसे मागत असेल तर आधी त्याचे नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावरील नोंदणीकृत एजंटांच्या यादीत शोधा. जमत नसेल तर आपले युवक शोधून देतील. शुक्रवारी येताना पावत्या आणा, बँकेचे पासबुक आणा, आणि त्याने पाठवलेले मेसेज रागाने पुसून टाकू नका.

आपला,
प्रमुख धर्मगुरू