वाचायचा धर्म, म्हणायचा धर्म

मे 2024 मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा खुला केला आणि पुढचे काही आठवडे महाराष्ट्र एकाच प्रश्नावर भांडत राहिला : कोणता ग्रंथ? मूल्यशिक्षणाच्या प्रकरणात मनुस्मृतीतला श्लोक आला, म्हणून महाडला पुन्हा मनुस्मृती जाळण्यात आली. श्लोकात वडीलधाऱ्यांचा आदर करा एवढेच तर सांगितले आहे, असे दुसरी बाजू म्हणत राहिली. मनाचे श्लोक आणि गीतेतील अध्याय यांच्या पाठांतराची शिफारसही त्याच मसुद्यात होती. तिच्यावरचा वादही हे ग्रंथ मुलांसाठी चांगले की वाईट, याच खुंटीवर टांगलेला राहिला. मनुस्मृतीविषयीचा संताप मला समजतो. 25 डिसेंबर 1927 चे महाड ज्याला ठाऊक आहे त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. पण मसुद्यातला तो श्लोक काढून तिथे दुसरा, निर्दोष श्लोक घातला असता तर प्रश्न मिटला असता का?

मला तसे वाटत नाही. सरकारी शाळेत धर्म असावा की नसावा, हे ग्रंथांच्या यादीवरून ठरवता येत नाही. त्या ग्रंथाचे शाळेत काय होते, मूल तो वाचते की म्हणते, यावर ते ठरते. वाचन आणि पठण यांतल्या फरकाकडे आपण जवळजवळ पाहिलेलेच नाही, आणि माझ्या मते या वादातले महत्त्वाचे सगळे त्या फरकातच आहे.

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेतला परिपाठ डोळ्यांसमोर आणा. रांगा लागतात. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, मग प्रार्थना. त्यानंतर सुविचार, दिनविशेष, बोधकथा. प्रार्थनेच्या वेळी 'हात जोडा, डोळे मिटा' अशी सूचना येते. एखादे शिक्षक रांगांमधून फिरतात आणि ज्याचे डोळे उघडे दिसतील त्याच्या डोक्यावर हलकी टपली बसते. तीच मुले तिसऱ्या तासाला मराठीच्या पुस्तकात तुकोबांचा अभंग उघडतात. इथे एखादी मुलगी हात वर करून विचारू शकते, 'बाई, देव सगळीकडे असतो तर तुकोबा पंढरपूरला कशाला जायचे?' प्रश्न भाबडा असेल, बाईंना उत्तर सुचणारही नाही, पण तो धड्यातच मोडतो. हेच तिने सकाळी रांगेत विचारले तर तो आगाऊपणा ठरतो. देव तोच, मुलगी तीच, बाई त्याच. तासाला ती त्या शब्दांकडे पाहू शकते; रांगेत तिला ते स्वतःचे म्हणून उच्चारावे लागतात.

कायद्याचा इतिहास इथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही. संविधानाचे अनुच्छेद 28 पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षणाला मनाई करते. अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीची अट घालते. 7 डिसेंबर 1948 रोजी संविधान सभेत या कलमावर बोलताना बाबासाहेबांनी धर्मशिक्षण आणि धर्माचा अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या होत्या : अमुक मानलेच पाहिजे अशी शिकवण एकीकडे, संशोधन आणि अभ्यास दुसरीकडे. पुढे कोठारी आयोगाने जवळपास हीच रेघ ओढली. 2002 मध्ये अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिच्याच आधारे धर्मांविषयीच्या शिक्षणाला वाट मोकळी करून दिली. त्या निकालामागे मूल्यशिक्षणावरचा जो संसदीय समितीचा अहवाल होता, त्या समितीचे अध्यक्ष आपले शंकरराव चव्हाण होते.

ही रेघ बरोबर आहे, पण ती ओढली गेली मजकुरावर. मजकूर तपासून धर्मशिक्षण सापडत नाही, कारण शाळेत मताचा आग्रह मत म्हणून येतच नाही. तो सवय होऊन येतो, हात जोडण्याच्या सूचनेतून येतो. 'अमुक देव खरा आहे' असे कोणतेही पाठ्यपुस्तक सांगत नाही. रोज सकाळी त्या देवाला उद्देशून बोलायला लावले की ते सांगण्याची गरजच उरत नाही.

यावर जे उत्तर मिळते ते एकच आहे, आणि ते इतक्या आत्मविश्वासाने दिले जाते की त्याचा नीट समाचार घेतला पाहिजे. उत्तर असे : 'हा धर्म नव्हेच, हे संस्कार आहेत. ही आपली संस्कृती आहे.' मार्च 2022 मध्ये गुजरात सरकारने सहावी ते बारावीच्या वर्गांत गीता आणण्याची घोषणा केली तेव्हा हाच युक्तिवाद होता. आपल्याकडे 2024 मध्येही तोच होता, आणि पुढच्या मसुद्याच्या वेळीही तोच असेल.

हा युक्तिवाद खरा मानून चालू. मनाचे श्लोक ही संस्कृती आहे, तर त्यांना संस्कृतीसारखे वागवा. सतराव्या शतकातल्या महाराष्ट्रात रामदास कोणत्या परिस्थितीत लिहीत होते, त्यांची आणि वारकऱ्यांची भक्ती कुठे जुळते आणि कुठे वेगळी होते, त्यांच्या स्त्री आणि जातीविषयीच्या भूमिकांवर आज काय आक्षेप घेतले जातात, हे सगळे वर्गात येऊ द्या. परीक्षेत 'या श्लोकातील विचार तुम्हांला पटतो का? कारणे द्या' असा प्रश्न विचारा आणि 'पटत नाही' असे लिहिणाऱ्यालाही कारणे चांगली असतील तर पूर्ण गुण द्या. याला किती संस्कारवादी तयार होतील? संस्कृती म्हणून आत आणलेला मजकूर वर्गात आला की लगेच पवित्र होतो. त्याची चिकित्सा केली की भावना दुखावतात. भावना दुखावण्याइतका तो पवित्र असेल तर तो धर्म आहे, आणि मग अनुच्छेद 28 त्याला लागू आहे.

याहून गंभीर आक्षेप मला श्रद्धावंतांच्या बाजूने घ्यावासा वाटतो. गळ्यात तुळशीची माळ घालून रोज हरिपाठ म्हणणाऱ्या माणसाला विचारा, तो कशासाठी म्हणतो. शिस्त लागावी, स्मरणशक्ती वाढावी, उच्चार सुधारावेत, यांपैकी एकही कारण तो सांगणार नाही. तो विठ्ठलाशी बोलत असतो. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, तेव्हा समोर बसलेली माणसे मोठी होती, आपल्या मनाने आलेली होती, आणि तिथे पणाला लागले होते ते जगणे. त्याच गीतेचा अध्याय स्पर्धेसाठी घोकून घेणे, गुण देणे आणि मग हा धर्म नव्हे म्हणून निर्वाळा देणे, यात धर्माचा कोणता सन्मान झाला? संविधानाच्या कलमातून निसटण्यासाठी आपल्याच श्रद्धेला सुभाषिताच्या दर्जावर उतरवणारे लोक धर्माचे रक्षक म्हणवतात, याचे मला खरोखर दुःख होते.

आणि 'आपली' संस्कृती म्हणजे कोणाची? मराठीच्या धार्मिक परंपरेत ज्ञानेश्वरीच्या आधी लीळाचरित्र उभे आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद योगसंग्राम लिहितात. गोव्यात राशोलला 1616 मध्ये छापलेले फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण हजारो मराठी ओव्यांचे आहे. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर नागपुरापासून कोकणापर्यंत घरोघरी बुद्धवंदना आली. हे सगळे मराठी मुलाने वाचले पाहिजे. माझी मागणी शाळेत धर्म आज आहे त्याहून जास्त असावा अशीच आहे : भरपूर, उघड, प्रश्नांसकट. मात्र यातले काहीही रांगेत उभे करून म्हणून घेता येणार नाही, मग ते ख्रिस्तपुराण असो की त्रिशरण.

धर्माचा शब्दही शाळेत नको म्हणणाऱ्यांना आधी ज्ञानेश्वरांशिवाय मराठी शिकवून दाखवावी लागेल. प्रत्येक धर्माची एकेक प्रार्थना घ्या म्हणणारे अन्याय सगळ्यांना सारखा वाटून देतात, एवढेच.

एक आक्षेप मात्र मी टाळू शकत नाही. प्रतिज्ञा आणि प्रास्ताविकाही मुले एकसुरात म्हणतात. मग ते पठण कसे चालते? प्रास्ताविकेतला 'आम्ही' हा नागरिकांचा आहे आणि शाळेतले प्रत्येक मूल जन्मानेच त्यात बसते. प्रार्थनेतला 'आम्ही' भक्तांचा असतो आणि त्यात कोणी बसावे हे सरकार ठरवू शकत नाही. तरीही हे उत्तर पुरेसे मानू नये, कारण राष्ट्राच्या बाबतीतही आपल्या न्यायालयाने सक्ती मान्य केलेली नाही. केरळमधली तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकले. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. राष्ट्रगीताच्या बाबतीत मौनाचा हक्क असेल, तर प्रार्थनेच्या बाबतीत तो नाकारायचा कोणत्या तोंडाने?

संमती घेतलेली असते, असे सांगतात. 2013 मध्ये प्रार्थनेला हात न जोडण्याच्या हक्कासाठी नाशिकच्या एका शिक्षकाला मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले आणि न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. नोकरी करणाऱ्या सुशिक्षित माणसाला ज्यासाठी उच्च न्यायालय गाठावे लागते, ते चौथीतल्या मुलाने रांगेतून बाहेर पडून करावे, ही अपेक्षा निर्दय आहे. वाड्यावस्तीवरच्या शाळेत एकाच कुटुंबाचा धर्म वेगळा असतो तेव्हा त्या पालकांची संमती गावात राहायचे असते म्हणून मिळते.

या कसोटीची किंमत मलाही मोजावी लागते. साने गुरुजींची 'खरा तो एकची धर्म' ही प्रार्थना मला मनापासून प्रिय आहे; तिच्यात कोणाला वगळलेले नाही. पण तीही प्रार्थनाच आहे. ती मराठीच्या तासाला शिकवावी, चालीवर गाऊन दाखवावी, पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून 1947 मध्ये प्राण पणाला लावणाऱ्या माणसाची ती प्रार्थना आहे हे सांगावे. डोळे मिटून म्हणण्याची सक्ती तिचीही नको.

हे सगळे घडायला नव्या कायद्याची गरज नाही. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये व्यवस्थापन समिती नेमली आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तुमचे मूल अशा शाळेत असेल तर पुढच्या बैठकीत दोन गोष्टी मांडा. परिपाठातल्या प्रार्थनेच्या जागी दोन मिनिटे शांतता ठेवा, किंवा प्रार्थनेला हात न जोडणाऱ्या मुलाला कोणीही हटकू नये असा ठराव करा. आणि आठवड्यातला एक तास असा राखून ठेवा, की ज्यात मुले आपल्या गावातल्या सगळ्या धर्मांचे ग्रंथ उघड्या डोळ्यांनी वाचतील आणि त्यांवर हवा तो प्रश्न विचारतील.